जिथं पाऊस पडत नाही

मीठ पाय खातं, हे आमच्या वस्तीत कुणाला नवीन नाही. मिठागरात उतरणाऱ्या कुठल्याही माणसाला बांधावर बसवा आणि तळवे वर करायला सांगा. टाचेच्या भेगांत अख्खं बोट जाईल, बोटांच्या बेचक्यांत पांढरं, ओलं, कुजल्यासारखं काहीतरी दिसेल. विचारलंत तर तो म्हणेल, हे होय, हे असंच असतं. आमचे हेही तेच म्हणायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय मी, हे असंच असतं.

या वर्षी मात्र ह्यांच्या उजव्या पायाची जखम भरेचना. करंगळीच्या मुळाशी होती, बोराएवढी. पावसाळ्यात मिठागर बंद असतं, पाय कोरडा राहतो, तेवढ्यात एरवी सगळं भरून येतं. या वेळी पावसाळा सरला, वाफ्यांचा चिखल तुडवून तळ सपाट करायची वेळ आली, तरी जखम आपली उघडीच. तळ पायानंच तुडवावा लागतो, दुसरा उपाय नाही. हे रोज सकाळी पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून उतरायचे आणि दुपारी पिशवीभर खारं पाणी घेऊन वर यायचे. घरात त्या पायाला वास यायला लागला. मी उदबत्ती लावायची आणि दोघंही उदबत्तीबद्दल काही बोलायचो नाही.

शेवटी ओढूनच दवाखान्यात नेलं. तिथल्या कंपाउंडरनं नाकाला रुमाल लावला आणि ह्यांना बाकावर बसू दिलं नाही, बाहेर पायरीवर बसवलं. चाळिशी उलटलेला माणूस, पायरीवर बसून आपलाच पाय मांडीखाली लपवत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण काम आपलं होतं, गप्प बसले. डॉक्टर माणूस बरा होता. त्यानं जखम दाबून, चिमट्यानं टोचून पाहिलं आणि म्हणाला, खाऱ्या पाण्यात हा पाय घालायचा नाही. घातलात तर आधी बोटं जातील, मग पाऊल. बसून करण्यासारखं काही काम नाही का तुमच्याकडे?

"साहेब," हे म्हणाले, "आमच्याकडं फक्त मीठ बसतं."

डॉक्टर हसला. मला काही हसू आलं नाही.

त्याच सुमाराला माझे धाकटे दीर परदेशातून परत आले. बरीच वर्षं बाहेर होते. आधी एका देशात, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. एक बॅग, एक जाड कोट आणि पायात बूट, एवढी कमाई घेऊन आले. आल्या दिवसापासून बोलायला जे लागले ते थांबेचनात. इथं ऊन असं पडतं, तिथं तसं पडतं. इथला वारा असा, तिथला तसा. आठवडा झाला नाही तोवर वस्तीनं त्यांचं नाव भूगोल ठेवलं.

मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. थोरला भाऊ पायाला पिशवी बांधून वाफ्यात, आणि हे बांधावर उपडी टोपली टाकून बसलेले, जावयासारखे. पायात बूट, बुटात मोजे. भर दुपारी मोजे. रात्री झोपतानाही मोजे. का म्हणून विचारलं तर म्हणे, थंड देशात सवय लागली वहिनी, सुटत नाही. चालायचे तेही जरा डुलत डुलत. आमच्या शेजारणीनं त्या चालीला परदेशी चाल असं नावही ठेवलं होतं. घरातल्या एका कामाला हात लावायचे नाहीत, मोजे मात्र स्वतः धुवायचे. मी एकदा सगळ्यांच्या देखत म्हटलंच, भाऊजी, त्या बुटांना एकदा मिठागर दाखवा की, ओळख होऊ दे. सगळे हसले. तेही हसले आणि बूट टोपलीखाली ओढून घेतले.

पण ऐकायला बरं वाटायचं, हेही खरं. संध्याकाळी सगळे दमून पडलेले असायचे. कुणाला कुणाशी भांडायचीही ताकद नसायची. अशा वेळी ते सांगायचे. एका देशात रोज पाऊस. इतका की त्याच्यासाठी कुणी थांबत नाही, छत्री मिटत नाही, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. एका देशात हिवाळ्यात सूर्य नुसता तोंड दाखवून जातो, चहालाही न थांबणाऱ्या पाहुण्यासारखा. समुद्राच्या कडेचं पाणी थिजतं, दोरखंड काठीसारखे ताठ होतात. आणि रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून तिथली माणसं रस्त्यावर मीठ टाकतात. गाड्या भरभरून आणतात आणि टाकतात.

"रस्त्यावर?" मी विचारलं.

"रस्त्यावर. वरून गाड्या जातात."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. ह्यांचा पाय समोर होता, फडक्यात गुंडाळलेला. त्या पायानं काढलेलं मीठ कुठल्यातरी देशात गाडीच्या चाकाखाली जात असेल. हे मात्र शांत होते. ह्यांना थंड देशाचं काही नव्हतं आणि पावसाच्या देशाचंही काही नव्हतं. ह्यांनी एवढंच विचारलं, मीठ करतात असा कुठला देश पाहिलास का? आणि तिथं माणसं बसून काम करतात का?

मग दिरांनी तो तिसरा देश काढला, जिथं पाऊस पडत नाही.

आम्हाला ती थट्टाच वाटली. पाऊस कमी पडतो म्हणाले असते तर कळलं असतं. पण ते म्हणाले, पडतच नाही, तिथली म्हातारी माणसंसुद्धा पाऊस म्हणजे काय ते आठवून सांगतात. कसं काय ते समजावायला त्यांनी माझं पातेलं उपडं घातलं, हा डोंगर. अलीकडे ओलं फडकं पसरलं, हा समुद्र, पण आपल्यासारखा कोमट नाही, गार. गार पाण्यावरची हवा वर चढत नाही, तिचं नुसतं धुकं होतं आणि जमिनीलगत फिरतं. पलीकडून ढग येतात, पण डोंगर चढता चढता सगळं पाणी पलीकडेच टाकून मोकळे होतात.

"म्हणजे ढग रिकामा येतो," हे म्हणाले.

"खिसा कापल्यासारखा."

तिथं म्हणे मिठागरात कुणी रोज उतरत नाही. वाफ्यात समुद्राचं पाणी सोडतात, ते आटलं की त्यावर आणखी सोडतात, परत आटू देतात. मीठ ओरबाडून काढायची घाईच नाही, कारण ते विरघळवणारं वरून काही येणारच नाही. थरावर थर चढत जातो. शेवटी एकदाच काढतात. तोवर माणसं काय करतात? नळ सोडतात, नळ बंद करतात. पाय कोरडे.

पाय कोरडे, हे शब्द ह्यांनी पुन्हा म्हणवून घेतले.

आमच्याकडची रीत अशी की वाफ्यात पापुद्रा धरला रे धरला की पुरुष आत उतरायचे, लांब दांड्याच्या फळीनं मीठ बांधाकडे ओढायचं, बायकांनी टोपलीतून वर वाहून रास करायची आणि रास गवतानं झाकायची. दर चार दिवसांनी हेच. बाई वाफ्यात उतरत नाही आणि पुरुष टोपली उचलत नाही. आणि मीठ वाफ्यात ठेवून कुणी झोपत नाही, कारण आभाळाचा भरवसा नाही. दिरांचं म्हणणं, मधल्या कोरड्या महिन्यांत आपल्याकडं तरी कधी पाऊस पडलाय? तिथलं ऊन आणि आपलं ऊन सारखंच डोक्यावर असतं. तेवढे महिने तिथल्यासारखं करून बघू.

मी म्हटलं, आपला समुद्र कोमट, आणि डोंगर तर शोधून सापडायचा नाही. तुमचं पातेलं इथं कोण घालणार उपडं? दीर म्हणाले, पण वहिनी, तुम्हाला आठवतो का त्या महिन्यांतला पाऊस? मला आठवेना. ह्यांनाही आठवेना. शेजारणीला हाक मारून विचारलं, तिलाही आठवेना. मग मी विचारलं, दगडासारखा थर झाला तर काढायचा कसा? ते म्हणाले, तिथं काढतातच की, बघू. मी जास्त ताणलं नाही. मला त्या देशाचं काही पडलं नव्हतं, मला ह्यांचा पाय हवा होता.

तर आमच्या वाफ्यांत मीठ तसंच राहिलं. आजूबाजूला सगळे ओढत होते, राशी घालत होते. आमचे वाफे नुसतेच पांढरे, वर पाणी, खाली थर. मुकादम रोज येऊन उभा राहायचा. त्याचा जीव वरखाली व्हायला लागला होता, कारण रास दिसल्याशिवाय त्याला मालकाला सांगायला काही नसतं. तो म्हणायचा, तुमच्यात पुरुष आजारी असेल तर तसं सांगा, वाफे दुसऱ्याला देऊ, रांग लागलीय. हे बांधावरून मान खाली घालून फाटक उघडायचे, पाणी सोडायचे, फाटक लावायचे. मान खाली होती पण पाय कोरडा होता.

आणि जखमेनं खपली धरली. आधी कडेनं, मग मधे. वास गेला. एक दिवस मी उदबत्ती लावायची विसरले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. हे दुपारी बांधावर पाय उन्हात सोडून बसायचे आणि बोटं हलवून बघायचे, तान्हं मूल आपली बोटं बघतं तसे. मी शेजारणीच्या राशीची टोपली ठेवून दुरून बघत राहायची. लग्नानंतर इतकी वर्षं झाली, मी ह्या माणसाला रिकामं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटायचं. दिरांना मी दुपारचा चहा आपणहून द्यायला लागले, बुटांवरून बोलायचं बंद केलं.

मग एका सकाळी वारा फिरला.

आधी ह्यांनाच कळलं. तोंड धुता धुता थांबले, गालावर पाणी तसंच. समुद्राच्या अंगाला ढग होता. सकाळी वाटलं धुकं आहे, जाईल. चहा होईस्तोवर तो खालून काळा झाला आणि आमच्याकडेच निघाला. सगळ्या वस्तीची धावपळ उडाली. पण त्यांच्या राशी बांधावर होत्या, त्यांनी गवत दाबलं, वर दगड ठेवले, झालं. आमचं तर सगळं मीठ पाण्याखाली.

मुकादम आला, दिरांकडे बघून म्हणाला, "काय भूगोल, तुमच्या देशातला ढग वाट चुकला वाटतं." आणि दुसऱ्यांच्या राशी बघायला गेला. आमच्याकडं बघण्यासारखं काही नव्हतं.

ह्यांनी धोतर खोचलं. मी समोर उभी राहिले. म्हटलं, तुम्ही उतरलात तर माझं तोंड बघायचं नाही. शेजारणीचा नवरा आणि आणखी एक जण मदतीला आले, ते उतरले. फळी ओढली तर फळी नुसती वरून घसरली. थर खरंच दगड झाला होता. मी विचारलं, तिथं कसं काढतात हे? दीर म्हणाले, यंत्रानं. आवाज इतका बारीक होता की मला पुन्हा विचारावं लागलं. मग कुणीतरी पहार आणली, कुणी कुदळ. घाव घातला की काचेसारखे तुकडे उडायचे आणि घालणाऱ्याच्याच नडग्या फुटायच्या. अशा गतीनं एक वाफासुद्धा निघणार नव्हता.

रीत गेली खड्ड्यात म्हणून मी पदर खोचून उतरले. पहिला पाय टाकला आणि कळलं ह्यांना इतकी वर्षं काय होत होतं. पायाला झोंबतं असं म्हणतात, ते झोंबणं नव्हे. पाणी आत शिरतं आणि चावत राहतं. मी फुटलेले तुकडे टोपलीत भरायला लागले. माझ्या मागोमाग काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. दीर होते. बुटांसकट उतरले होते.

त्यांच्या हातात पहार होती. दोन घाव बरे घातले. तिसऱ्याला कलंडले, सावरले, पुन्हा कलंडले. पाय तळाला धरतच नव्हता. थराखालच्या चिखलात एक बूट रुतला, त्यांनी ओढला तर पाय वर आला, बूट खालीच. दुसरा त्यांनी चिडून स्वतःच काढून फेकला. मोज्यांवर उभे राहिले. मिठाच्या धारेनं मोजा एका दमात फाटला, आणि मी टोपली भरायला वाकलेली, माझं तोंड त्यांच्या पायाजवळच होतं.

उजव्या पायाला बोटं नव्हती. एकही नाही. पाऊल पुढून बंद केलेलं, पिशवीचं तोंड शिवतात तसं. डाव्या मोज्याचा पुढचा भागही चपटा, रिकामाच होता.

मी बघितलेलं त्यांनी बघितलं. पुन्हा पहार उचलली आणि घाव घालता घालता आडवे झाले, पाण्यात. त्याच वेळी थेंब पडायला लागले, मोठाले. मी त्यांना धरायला गेले तर माझ्या आधी हे तिथं. कधी उतरले, कुठून आले, मला कळलंच नाही. अनवाणी, खपलीचा पाय त्या मिठाच्या धारदार तुकड्यांवर टाकत आले. भावाला काखेत धरून उभं केलं आणि मग ह्यांचंही लक्ष खाली गेलं. पाठीवर घेतलं आणि बांधावर आणून ठेवलं. पाण्यात लाल रेघ आली होती, ती कुणाच्या पायाची ते सांगता येत नव्हतं.

पाऊस आला तो सरळ, घागरी ओतल्यासारखा. पाणी वाफ्यांवरून, बांधांवरून वाहायला लागलं. पळायचं कुणाला सुचलं नाही. आम्ही तिघं बांधावर बसून राहिलो. मीठ दिसेनासं झालं.

"थंड देशात झालं," दीर म्हणाले. "गोदीवर माल उतरवत होतो, बूट ओले. बोटं काळी पडली की दुखत नाहीत म्हणून सांगायचे. खरंच नाही दुखली."

एवढ्या देशांची हवा सांगितली आणि एवढंच तेवढं ठेवून घेतलं होतं. हे म्हणाले, आल्या दिवशी सांगायचं होतंस. दीर म्हणाले, सांगून काय, तू मला बसवून खायला घातलं असतंस आणि आपण वाफ्यात गेला असतास.

"ते तर तसंही केलंच मी."

"म्हणून तर त्या कोरड्या देशाचं डोक्यात घेतलं. माझी गेलीच होती. म्हटलं दादाची तरी वाचतील."

पावसात तोंड पुसायला लागत नाही, तेवढं बरं होतं. दोघांचे पाय शेजारी शेजारी होते आणि वरचं गोडं पाणी त्यांवरून वाहत होतं. हे त्या पायांकडं बघत होते. मग तेच विचारलं जे संध्याकाळी विचारायचे. "बसून काम करायचा देश नाहीच का रे कुठं?"

"असेल," दीर म्हणाले. "पण तिथली हवा वाईट असणार."

दोघं भाऊ हसले. मला त्या हसण्याचा फार संताप आला आणि लगेच मीही हसले, काय करणार.

खपली गेली होती, पाय पुन्हा चिघळला. डॉक्टरनं करंगळी काढली. तो म्हणाला, थोडक्यात निभावलं, यापुढं मात्र हा पाय असा माझ्याकडं आणू नका. या खेपेला कंपाउंडरनं बाकावर बसू दिलं, कारण बोट गेल्यावर वासही गेला होता. मुकादम वाफे काढून घ्यायला आला तेव्हा मी म्हटलं, फळी मी ओढीन. तो म्हणाला, बाई वाफ्यात? मी म्हटलं, पाऊस पडला तेव्हा उतरलेच होते, तेव्हा आभाळ काही कोसळलं नाही आणखी. त्यानं नाक मुरडलं. पण हंगाम अर्धा उरला होता आणि रांग लागलीय म्हणणंच तेवढं सोपं असतं, वाफे आमच्याकडे राहिले.

आता मी उतरते. चिखल पुन्हा तुडवला, पाणी घेतलं, दर चार दिवसांनी ओढते. हे बांधावर बसून फाटक बघतात, राशीसाठी गवताच्या चटया विणतात. दीर टोपल्या दुरुस्त करतात, डुलत डुलत राशीपर्यंत जाऊन येतात आणि सांगत असतात. एका देशात म्हणे वारा सहा महिने एकाच बाजूनं येतो आणि सहा महिने उलटा. एका देशात दगडाखालून गरम पाणी निघतं, त्यात माणसं पाय सोडून बसतात. हे विचारतात, गोडं का खारं? मी फळी ओढता ओढता ऐकते, त्यात वेळ जातो. ह्यांचा पाय वाळून स्वच्छ झालाय. संध्याकाळी मी बघते तेव्हा मला देवानं काही कमी दिलं नाही असं वाटतं, खरंच वाटतं.

माझ्या डाव्या पायाला परवा करंगळीच्या मुळाशी एक भेग पडली. बारीक आहे. रात्री झोंबते.

काल सकाळी हे फाटकाकडे गेल्यावर मी दिरांना म्हटलं, भाऊजी, तुमचा एखादा मोज्यांचा जोड असला तर द्या मला. उन्हाचे दिवस, अंगातून पाणी गळतंय. ते टोपली बाजूला ठेवून माझ्याकडं बघत राहिले.

"कशाला, वहिनी?"

म्हटलं, थंडी वाजते.

ते उठले. आत गेले, बॅगेतून जाड लोकरीचा एक जोड काढला, घडी केलेला, आणि हे परत यायच्या आत माझ्या हातात ठेवला.